फान गुरुजींचं विशेषण

"असं विचारतात का एखाद्याला आडनाव?"

सतरा नंबरच्या खाटेवरचे म्हातारे मला म्हणाले तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि मी सहा वाजल्यापासून उभी होते. हातात केसपेपर होता, पायात आधी राहून गेलेल्या सीनियरने मागे टाकलेले एक नंबर मोठे बूट होते, आणि डोक्यात फक्त एकच विचार होता, की या वॉर्डात परदेशी विद्यार्थ्यांना बसायला एकही खुर्ची का नसावी.

"चुकलं का माझं?" मी विचारलं.

"व्याकरण बरोबर आहे. चौकीवर हवालदार विचारतो तसं विचारलंस, एवढंच. म्हण, ग्वेई शिंग?"

"ग्वेई शिंग?"

"आवाज वरून खाली आण. पायरी उतरताना पाय पडतो ना, तसा. ग्वेई!"

"ग्वेई," मी म्हटलं. "पण ग्वेई म्हणजे महाग ना?"

हा शब्द मला येत होता. चीनमध्ये आलेला कुठलाही पोरगा पहिल्या आठवड्यात भाजीबाजारात हा एक शब्द शिकतोच. वांग्याकडे बोट दाखवायचं, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, थाय ग्वेई, फार महाग. चार वर्षं त्या एका शब्दावर मी भाजी आणली होती.

"महागच," म्हातारे म्हणाले. "समोरच्याचं आडनाव महागामोलाचं आहे असं धरून विचारायचं. मग समोरच्याने म्हणायचं, छे, मोलाचं कसलं, साधंच आहे. फान. झाली ओळख. आता तुझं महागामोलाचं आडनाव?"

आपल्याकडे 'शुभनाव काय' म्हणतात तसलंच काहीतरी हे, असं माझ्या मनात आलं. "साधंच आहे," मी म्हटलं. "बिराजदार."

"बी-ला-चा-दा," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला थांबेना, म्हणून मी पाठीवर हात ठेवला. थांबल्यावर त्यांनी खाटेखालून एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल पायाने बाहेर ढकललं. "बैस, बी," ते म्हणाले. "उभ्याने भाषा येत नाही."

त्या स्टुलासाठीच मी पुढचे कित्येक आठवडे सतरा नंबरला चिकटून राहिले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ही गोष्ट नानचांग शहरातली. दोन हजार चौदाचा हिवाळा. लातुरात दोनदा परीक्षा देऊनही सरकारी सीट हुकली, म्हणून बाबांनी मला डॉक्टर व्हायला चीनला पाठवलं. चौथ्या वर्षी वॉर्डात घालतात आणि त्याच वर्षी बोलण्याची तोंडी परीक्षा असते. नापास झालं की एक वर्ष मागे. बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "बोलाय येतंय का गं आता?" आणि मी म्हणायचे, "येतंय की." येत काही नव्हतं. कोणी भराभर बोललं की मी मान हलवायचे. समजलं, समजलं. इतकी थकलेली असायचे की न समजल्याचं सांगायलाही जीवावर यायचं.

फान गुरुजी पोयांग सरोवराकाठच्या एका खेड्यात चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होते. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगी श्याओलिंग एकटीच. तिचं शहरात तांदळाच्या शेवयांचं लहानसं दुकान होतं. गुरुजींना फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. आजाराचं नाव त्यांच्यापासून कोणी लपवलं नव्हतं. लपवली होती ती औषधाची किंमत.

हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. श्याओलिंगने मला आणि हेड नर्स हू बाईंना जिन्याजवळ गाठलं. साधारण पस्तिशीची, हाताला कायम तळणाचा वास, डोळ्यांखाली काळं. मला समजावं म्हणून ती एकेक शब्द सुटा बोलत होती.

"दर तीन आठवड्यांनी एक बाटली. अशा सहा. ही बाटली विम्यात बसत नाही."

"समजलं," मी म्हटलं, आणि या वेळी खरंच समजलं होतं.

"बाबांना किंमत कळली तर ते उठून घरी जातील. आईच्या आजारपणातही त्यांनी स्वतःचा दात दुखायचा तो तसाच ठेवला, उपटला नाही, पैसे लागतात म्हणून. तुम्ही त्यांच्याजवळ बसता. विचारलं तर सांगा, स्वस्त आहे. सरकार देतं."

"सांगेन."

"ते उठून गेले तर संपलं," ती म्हणाली आणि माझा हात तिने एवढा दाबला की अंगठी रुतली.

हू बाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ, पण या कामात पुरत्या सामील होत्या. त्या दवाखान्यात रोज सकाळी प्रत्येक खाटेवर आदल्या दिवसाच्या खर्चाची चिठ्ठी ठेवायची पद्धत होती. सुई एवढ्याची, सलाइन एवढ्याचं. पेशंट चष्मा लावून ओळ न् ओळ वाचायचे आणि कापसाच्या बोळ्यावरून नर्सशी भांडायचे. सतरा नंबरची चिठ्ठी मात्र हू बाई स्वतः काढून घेऊन खिशात घालायच्या. बाटलीवरचं लेबलही त्या कात्रीने खरवडून टाकत. सफाईवालीपासून वॉर्डप्रमुख प्रोफेसर लियूंपर्यंत सगळ्या वॉर्डाला ताकीद होती.

पेशंटच्या घरचे म्हणतात तसं बोलायचं, यात मला काहीच नवीन वाटलं नाही. आमच्या आजोबांच्या वेळी अख्ख्या गल्लीने त्यांना 'साधी गाठ आहे' म्हणून सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. नववीत होते, आणि डोळ्यांत डोळे घालून बोलले होते. खोटं बोलायला मी काही कच्ची नव्हते.

दुपारी दीड ते तीन वॉर्ड शांत असायचा. गुरुजींची सलाइन चालू असली की त्यांना झोप येत नसे. मी स्टुलावर बसायचे आणि ते मला शिकवायचे. त्यांची शिकवण्याची तऱ्हा अगदी पहिलीच्या मुलांची. एक शब्द घ्यायचा आणि तो घासूनपुसून सगळ्या वस्तूंना लावून पाहायचा.

"हे काय?"

"चप्पल."

"महाग आहे का?"

"बू ग्वेई. महाग नाही."

"नीट पूर्ण सांग. ही चप्पल महाग नाही."

मग थर्मास, मग संत्रं, मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची लोकरी टोपी. शेजारचा म्हातारा त्यात तोंड घालायचा, "महाग नाही कशी? पोराने शांघायहून आणलीय!" आणि गुरुजी म्हणायचे, "वर्गात विचारल्याशिवाय बोलायचं नाही." मग दोघंही हसायचे. गुरुजींनी मला शिकवलं, की आलेल्याला पाहुणा म्हणायचं तर पुढे ग्वेई लावायचं, कुणाच्या तब्येतीची विचारपूस करताना लावायचं, कुणाचं वय विचारताना लावायचं. "आपल्या स्वतःच्या कशालाही लावायचं नाही," ते म्हणाले. "आपलं सगळं स्वस्त." आणि पुन्हा हसले.

खरं सांगायचं तर चार वर्षांत त्या देशात तेवढ्याच दुपारी मला बऱ्या गेल्या.

तिसरी बाटली लागली त्या दिवशी माझ्या तोंडी परीक्षेला पाच दिवस उरले होते. रात्रभर जागून शब्द पाठ केले होते. डोळे चुरचुरत होते. गुरुजी उशीला टेकून बसले होते, डाव्या हाताला सुई होती आणि वर ती लेबल खरवडलेली बाटली होती.

"आज परीक्षा," ते म्हणाले. "परीक्षक काय करतात माहीत आहे? ते भराभर विचारतात. विचार करायला वेळ देत नाहीत. तूही द्यायचा नाहीस. मी म्हणेन तेव्हा उत्तर बाहेर पडलं पाहिजे."

"हे मला येतं," मी म्हटलं.

आणि खरंच येत होतं. लातुरात आमच्या क्लासला देशपांडे सर संध्याकाळी पाऊण तास नुसते प्रश्नांचा भडिमार करायचे. सगळी पोरं उभी. सरांचं बोट ज्याच्याकडे वळेल त्याने प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचं. अडखळला तो बाहेर. दोन वर्षं मी त्या रांगेत शेवटपर्यंत उभी राहिलेली मुलगी होते. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मला मनापासून जमलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"संत्रं?" गुरुजींनी सुरुवात केली.

"बू ग्वेई."

"विमानाचं तिकीट?"

"ग्वेई."

"मीठ?"

"बू ग्वेई."

"सोन्याची अंगठी?"

"ग्वेई."

"चॉपस्टिक?"

"बू ग्वेई."

"घर?"

"ग्वेई!"

"टूथपेस्ट?"

"बू ग्वेई."

"बाटली?"

"ग्वेई."

उत्तर बाहेर पडलं आणि मग माझ्या कानावर आलं. त्यांनी बोटसुद्धा वर केलं नव्हतं. 'बाटली' म्हणतानाचा त्यांचा आवाज 'टूथपेस्ट' म्हणतानाच्या आवाजाहून जराही वेगळा नव्हता.

"पेन?" ते म्हणाले.



"पेन?" त्यांनी पुन्हा विचारलं, तितक्याच शांतपणे.

"बू... बू ग्वेई."

"हातरुमाल?"

"बू ग्वेई."

"छान. पास होशील," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "आज दमलो. तूही जा, जरा झोप. तुझे डोळे लाल झालेत."

मी उठले. स्टूल खाटेखाली सरकवलं. त्यांनी ऐकलं की नाही, हेच मला कळेना. ऐकलं असतं तर पुढे पेन आणि हातरुमाल विचारला असता का? बाटल्या तर शंभर प्रकारच्या असतात. मी अशी मनाची समजूत घालत जिना उतरले. खाली हू बाई भेटल्या. "आज लवकर?" म्हणाल्या. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी तीनच्या आत काहीतरी शक्कल काढली असती, दुसरी खोटी चिठ्ठी केली असती, काहीही. मी म्हटलं, "डोकं दुखतंय."

होस्टेलवर माझी रूममेट सुमय्या खिचडीला फोडणी घालत होती. ती बीडची. तिला सगळं सांगितलं.

"आगं, म्हाताऱ्याला कळलं बी नसंल," ती म्हणाली. "तू कशाला उगं तोंड उघडतीस? परीक्षा हाय पाच दिवसावर. खा आन् झोप."

मी खाल्लं आणि झोपले. गाढ झोपले, हे सांगायची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता वॉर्डात गेले तर सतरा नंबरभोवती गर्दी. गुरुजी स्वतःचे कपडे घालून, डोक्याला टोपी चढवून खाटेच्या कडेवर बसले होते. मांडीवर थर्मास आणि कापडी पिशवी. शेजारी, स्वतःच्या जबाबदारीवर घरी जातो असं लिहून देण्याचा कागद. त्यावर त्यांचं सुवाच्य अक्षर.

श्याओलिंग धावत आली. अंगावर ॲप्रन तसाच होता.

"काय झालं? कोण काय बोललं तुम्हाला?"

"कोणी नाही. बरं वाटतंय मला. घरी जाऊ."

"कोणी सांगितलं?" ती हू बाईंकडे वळली. "तुम्ही चिठ्ठी ठेवलीत? सांगा ना! सकाळी चिठ्ठी राहिली का इथे?"

हू बाईंचा चेहरा पडला. त्यांनी मागे उभ्या असलेल्या नव्या नर्सकडे पाहिलं. ती पोरगी रडायलाच लागली, "मी नाही ठेवली, शपथ, मी नाही."

"मग कोणी?"

मी पुढे झाले. "मी," म्हटलं. "मी सांगितलं. काल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि गुरुजी हसले. "ही?" ते म्हणाले. "हिला अजून धड संत्रं विकत घेता येत नाही. ही काय मला सांगणार? काल दुपारभर मी हिला चप्पल आणि टूथपेस्ट शिकवत होतो. विचारा या शेजारच्याला."

"चप्पल आणि टूथपेस्ट," शेजारच्या म्हाताऱ्याने मान डोलावली.

प्रोफेसर लियू तेवढ्यात आले होते, तेही हसले. हू बाईंनी सुस्कारा सोडला. कोणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी पुन्हा म्हटलं, "नाही, खरंच मी," पण माझं वाक्य अर्ध्यात तुटलं, पुढचा शब्दच आठवेना, आणि तेच त्यांच्या म्हणण्याचा पुरावा ठरलं. चार वर्षांत माझी चिनी भाषा कुणाच्या इतकी उपयोगी पडली नव्हती.

"रोज सगळ्यांच्या खाटेवर चिठ्ठी येते," गुरुजी श्याओलिंगला म्हणाले. "माझ्या खाटेवर येत नाही. मी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, लिंग. कोरं पान मला आधी दिसतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उरलेल्या तीन बाटल्या मी घेणार नाही. दुकान मोडायला काढलं असशील तर ते थांबव. ते तुझं आहे. आईने त्यासाठी डुकरं पाळली होती."

श्याओलिंगने ॲप्रनला हात पुसले.

"थांबव," ते पुन्हा म्हणाले.

"विकलं," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्या बाटलीच्या आधी. मी आता दुसऱ्याच्या दुकानात शेवया तळते. सहाही बाटल्या तेव्हाच घेतल्या, बाबा. एकदम घेतल्या तर मिळत होत्या. खाली फ्रिजमध्ये आहेत. औषधवाले परत घेत नाहीत."

नवी नर्ससुद्धा रडायची थांबली. गुरुजींनी मांडीवरचा थर्मास खाली ठेवला. तो नीट बसला की नाही ते हात लावून पाहिलं.

"कितीला गेलं?" त्यांनी विचारलं.

तिने आकडा सांगितला.

त्यांनी कापडी पिशवीही खाली ठेवली. मग म्हणाले, "स्वस्तात दिलंस."

टोपी काढली, कोटाची बटणं एकेक करून सोडली आणि खाटेवर पाय वर घेऊन आडवे झाले. हू बाईंनी तो कागद उचलून चार तुकडे केले. श्याओलिंगने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "बघा, थांबले." तिचा जीव भांड्यात पडला होता. माझाही पडला. मला वाटलं, निभावलं.

तोंडी परीक्षेत मी पास झाले. बाबांनी फोनवर शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते सांगितलं.

तीन आठवड्यांनी चौथी बाटली लागली. मी दीड वाजता स्टूल ओढून बसले. म्हटलं, "गुरुजी, आज कोणता शब्द?"

त्यांनी सुई नसलेला हात वर केला. थांब, असा. त्यांची नजर वर, थेंबांवर होती. नळी कुठे वाकली तर ते ती सरळ करायचे. सुईचा हात हलू नये म्हणून त्यांनी तो उशीखाली अडकवून ठेवला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने टोपीवरून काहीतरी चेष्टा केली, त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दीडपासून तीनपर्यंत ते तसेच पडून राहिले, कामावर ठेवलेल्या माणसासारखे. सुई निघाली तेव्हा घामाने ओले झाले होते. पाचव्या बाटलीलाही तेच.

मला वाटलं होतं की मी त्यांना घालवून देणार होते, आणि ते थांबले म्हणजे मी सुटले. श्याओलिंगने लपवलं होतं ते औषध त्यांना मिळावं म्हणून, एवढंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पण औषधाबरोबर तिने त्यांना निवांत दुपारी दिल्या होत्या. बाटली लागली असताना चप्पल आणि संत्र्यावर हसत बसण्याच्या दुपारी. त्या मी एका शब्दात काढून घेतल्या. औषध तेवढं राहिलं.

आता मी निलंग्याला असते. ओपीडीत बाया विचारतात, "म्याडम, लई महाग हाय का वो?" मी नाही म्हणते. काही वेळा ते खरं असतं.

सहावी बाटली मार्चमध्ये लागली. गुरुजींचं वजन तोवर निम्म्यावर आलं होतं आणि प्रोफेसर लियूंनी छातीचा फोटो पाहून नुसती मान हलवली होती. श्याओलिंग कामावरून सुटी काढून आली होती. बाटली रिकामी झाली, तेव्हा हू बाईंनी नेहमीप्रमाणे मागून मिठाच्या पाण्याची छोटी पिशवी जोडली, नळी धुऊन निघावी म्हणून. तीही संपत आली. त्या सुई काढायला वाकल्या तर गुरुजींनी त्यांचं मनगट धरलं.

"नळीत अजून आहे," ते म्हणाले.

होतं. वीतभर. त्यात औषधाचा टिपूस नव्हता. ते नुसतं मिठाचं पाणी होतं. हू बाईंना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. श्याओलिंगने आमच्याकडे आशेने पाहिलं.

"आहे की," हू बाई म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

आम्ही तिघी खाटेभोवती उभ्या राहिलो, आणि ते पाणी संपेपर्यंत थांबलो.